जिवंत उडव, मयत ठेव

‘ह्यातले जिवंत कोण कोण आहेत?’ असं मी त्या मॅडमना विचारलं. विचारून झाल्यावर मला कळलं की आपण विचारलं. दुपारचे अडीच वाजले होते, बाहेर हडपसरचा रस्ता धूर सोडत चालला होता, काउंटरवर त्यांचा छोटा लॅपटॉप उघडा होता, पाटीएवढा, सगळा मिळून चार जीबीचा. कोपऱ्यात पिवळा फुगा आलेला. लो डिस्क स्पेस. त्या म्हणाल्या होत्या, ‘दादा, ह्याच्यात जागाच राहिली नाहीये, फोटो सगळे उडवून टाका, नकोयत.’ साधं काम. दिवसाला अशी चार येतात. मी फोल्डर उघडलं, सगळे फोटो निवडले, ते निळे झाले, डाव्या हाताचं बोट शिफ्टवर ठेवलं, आणि उजवं बोट डिलीटवर गेलंच नाही. अधांतरी राहिलं. आणि तोंडातून ते वाक्य. मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मग स्क्रीनकडं, मग लॅपटॉप मिटला. ‘राहू द्या,’ म्हणाल्या, आणि चार्जरची वायर लोंबती ठेवून तशाच पायऱ्या उतरल्या. मालक आतून ओरडला, ‘सोपान, गिऱ्हाइकाला काय बोललास रे? येडा झाला का?’ मी म्हटलं, नाही काही. पण तोंडात एकदम हिरडा फोडल्यासारखं तुरट झालं. जीभ ओढल्यासारखी. सहा वर्षं झाली मी हिरडा तोंडात घातलेला नाही. पाणी प्यायलो तर पाणी गोड लागलं, हिरड्यानंतर लागतं तसं.

हे नारायणगावचं. दोन हजार तीन साल. दादाभाऊंचं दुकान स्टँडच्या मागच्या गल्लीत, फोटो, लग्नपत्रिका, टायपिंग, झेरॉक्स, सगळं एकाच खोलीत, आणि एकच कंप्युटर. चार जीबीचाच, बघा. तेव्हा तो मोठा वाटायचा. सी दोन, डी दोन. मी कुठं कोर्स केलेला नाही. बारावीला इंग्रजीत गेलो, घोडेगावहून येऊन दादाभाऊंकडं फोटो कापायला लागलो, आणि दुकान बंद असताना मशिनवर बसून बसून शिकलो, एक एक बटण दाबून, काय होतंय बघून. डिक्शनरी मांडीवर. त्यात मला जे सगळ्यात चांगलं जमलं ते जागा करणं. डिस्कवर माउस नेऊन प्रॉपर्टीज केलं की एक गोल यायचा, भरलेलं निळं आणि रिकामं गुलाबी. मशिन रोज भरायचं, गुलाबी तुकडा सुरीनं कापल्यासारखा बारीक व्हायचा, आणि मी बसून तो परत रुंद करायचो. टेम्प उडव, रिसायकल बिन रिकामं कर, न लागणारे फॉन्ट काढ, गेम काढ, वॉलपेपर काढ. दहा एमबी निघाले, वीस निघाले. मला खरंच आनंद व्हायचा. दुसऱ्याचं ओझं उतरवल्यासारखा. जुन्नरला, मंचरला, घोडेगावला जिथं जिथं मशिनं होती तिथनं निरोप यायचे, त्या जागावाल्या पोराला पाठवा. मी एसटीनं जायचो, खुर्चीत बसायचो, मागं साहेब लोक उभे राहायचे. त्या वयात मागं साहेब उभे राहिले की मान कशी ताठ होते ते मला माहीत आहे.

आमच्या मशिनमध्ये सगळ्यात जास्त जागा खायचे फोटो. त्यावर दादाभाऊंनी एक नियम घालून दिलेला. कानावर पेन्सिल, तोंडात सुपारी, म्हणायचे, ‘हे बघ सोपान, जिवंत उडव, मयत ठेव. जिवंत माणसाचं काय, लागला फोटो तर परत यील, बसंल खुर्चीत. मेलेला यायचा नाही. आणि त्याची माणसं दरसाल येत्यात. दशक्रिया झाली, वर्षश्राद्ध आलं, मग पुण्यस्मरण. तवा फोटो नाही म्हणलं तर लोकं दुकान फोडतील राव.’ बरोबरच होतं. आमच्याकडं दहाव्याच्या कार्डावर फोटो लागतो, फ्रेम लागते, पेपरात लागतो. म्हणून मी डीमध्ये एक फोल्डर केलेलं, ‘मयत’ नावाचं. आत गावांची फोल्डरं. दोनशे बारा माणसं. कोट घातलेले, टोपीवाले, पदर घेतलेल्या. त्यांना धक्का लागायचा नाही. दर शुक्रवारी मी जिवंतांच्या फोल्डरमध्ये शिरायचो, सगळे निळे करायचो, शिफ्ट धरून डिलीट. शिफ्ट धरलं की रिसायकल बिनमध्ये पण जात नाही. मशिन एकदा विचारतं, नक्की का. मी एंटर दाबायचो ते न वाचता. रत्ना टायपिंगला होती, ती एकदा म्हणाली, ‘तुझं बरंय, दर शुक्रवारी आख्खं नारायणगाव मारतो आणि चहा पितो.’ आम्ही हसलो. चहा प्यायलो.

भागू आला तो एप्रिलमध्ये. आहुप्याचा. टोमॅटोच्या मार्केटात क्रेट उचलायचा, अंगाला देठांचा हिरवा वास, नखं काळी. लर्निंग लायसन्स काढायचं होतं त्याला. माझ्याच वयाचा असेल. खुर्चीत बसला तर खुर्चीच्या कडेवर बसला, उठून जायची तयारी असल्यासारखा. म्हटलं, नीट बस. तर हसला. फ्लॅश पडला तेव्हा हसतच होता, वरचे दोन दात एकावर एक चढलेले. मी म्हटलं, ‘हसू नको भाऊ, आरटीओला हसता फोटो चालत नाही.’ तो हसता फोटो मी कॅमेऱ्यातच उडवला. मग त्यानं ओठ मिटले, पण ते मिटत नव्हते, आतून ते दात ढकलायचे. तिसऱ्या वेळी जमलं. मशिनवर घेतला, कडा कापल्या, आठ कॉपी काढल्या, दुकानाचा शिक्का मारलेल्या पाकिटात घालून दिल्या. त्यानं पाकीट शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं. जाताना स्क्रीनवर स्वतःला बघून थांबला. ‘ह्यो आता ह्याच्यात किती दिस ऱ्हातो?’ मी म्हटलं, ‘कायमचा.’ असं का म्हटलं कोण जाणे. सगळ्यांना तसंच म्हणायचो. ‘लई भारी,’ म्हणाला. ‘म्हंजी घरी आमची आय म्हणती तू कुडं आसतो काय कळत नाय, तर तिला सांगतो, नारायणगावात बसलोय खुर्चीत.’

मेमध्ये लग्नं. एका मोठ्या घरच्या लग्नाचे एकशे ऐंशी फोटो आले, मशिन भरून आलं, आणि त्या शुक्रवारी मी जिवंत उडवले. शंभरच्या आसपास असतील. भागूचा मला आठवत पण नाही, त्यात होता एवढंच. अडतीस केबी. लग्नातल्या एका जिलबीच्या ताटाच्या फोटोनं त्याच्या दसपट जागा घेतली असेल.

जूनच्या पहिल्या बाजारी ठकूबाई आली. शनिवार. मी तिला ओळखत नव्हतो. बारकी बाई, लुगडं गुडघ्यापर्यंत, हातात कापडी पिशवी, काउंटरच्या पलीकडं उभी राहून आधी मशिनलाच बघत होती, मला नाही. मग म्हणाली, ‘बाबा, माजा भागू तुमच्यात हाय ना?’ मला वाटलं कामाला कोण आहे का विचारतेय. मग तिनं सांगितलं, उभ्या उभ्या, एका दमात. पोरगा टोमॅटोच्या गाडीबरोबर गुजरातकडं गेला, गाडी माघारी आली, पोरगा नाही आला. ड्रायव्हर म्हणतो, हद्दीजवळ एका ढाब्यावर च्याला उतरला, पुन्हा गाडीत बसला का नाही ते मी बघितलं नाही, मी झोपलो होतो, क्लीनर चालवत होता. तीन आठवडे झाले. पोलिसात गेली तर ते म्हणाले फोटो आणा. ‘घरी येक बी फोटू नाय बाबा. कदी काढलाच नाय. त्यो म्हणला व्हता, मी नारायणगावात मशिनीत हाय. म्हून आले. तेवढा काढून द्या.’

त्या वेळी काय झालं ते मी नीट सांगतो. शनिवारी मी अजून एक काम करायचो. उडवून उडवून डिस्कवर मधे मधे भोकं पडतात, ती सारखी करायला डीफ्रॅग लावायचो. दोन-तीन तास चालतं ते. स्क्रीनभर बारके रंगीत चौकोन, एका जागचे उपटतात आणि दुसरीकडं ओळीत बसतात. ते सकाळपासून चालू होतं. मला आठवलं की जिवंत उडवलेत. पण मागं दादाभाऊ बसलेले, समोर दोन गिऱ्हाइकं, आणि मी म्हटलं, ‘मावशी, मशिनचं काम चाललंय, आता निघणार नाही, गुरुवारी या.’ हे काम थांबवता आलं असतं. एक बटण होतं, स्टॉप लिहिलेलं. मी दाबलं नाही, कारण दाबलं असतं तर मग फोटो शोधावा लागला असता आणि नाही म्हणून सांगावं लागलं असतं. ती गेली नाही. बाकावर बसली आणि त्या चौकोनांकडं बघत राहिली. शेवटची गाडी चारला होती तिची घोडेगावपर्यंत, तिथनं पुढं आहुप्याची. तासभर बसली. मग म्हणाली, ‘आवणी चाललीया व्हय रे बाबा ही? आमच्यात भात असंच लावत्यात. हिकडून उपटायचं, तिकडं रवायचं.’ रत्नाला हसू आलं. मला पण आलं. जाताना तिनं पिशवीतनं मूठभर हिरडे काढून काउंटरवर ठेवले. ‘घसा बसला तुजा. चघळीत जा.’

पुढच्या तीन दिवसांत मला कळलं ते असं. मंचरच्या रद्दीत एक कंप्युटरचं इंग्रजी मासिक मिळालं, मी डिक्शनरी घेऊन वाचलं. त्यात होतं की फाइल उडवली तरी ती जात नाही. नुसतं तिचं नाव पुसलं जातं. ती तिथंच पडून असते, जागा मोकळी आहे असं मशिन सगळ्यांना सांगतं, पण आत ती असते, जोपर्यंत तिच्यावर दुसरं कोणी येऊन बसत नाही तोपर्यंत. मी तीन वर्षं हजारो फाइली उडवल्या आणि हे मला माहीत नव्हतं. गोल गुलाबी दिसला की रिकामं, असं मी धरून चाललो होतो. म्हणजे लग्नानंतर पण भागू तिथंच असेल. बऱ्यापैकी असेल. आणि शनिवारी, त्याची आई समोर बाकावर बसलेली असताना, तिच्या डोळ्यांदेखत, ते चौकोन एकेक करून त्याच्यावर लावले गेले. आवणी. ती म्हणाली ते आणि मी हसलो ते. मासिक हातात घेऊन मी स्टँडच्या मागं उभा होतो, एक एसटी मागं येत होती, कंडक्टर टण टण घंटी मारत होता, आणि मला ते बटण दिसत होतं. स्टॉप. करड्या रंगाचं.

मासिकाबरोबर सीडी होती, त्यात पुसलेलं शोधायचा प्रोग्राम होता. बुधवारी तो लावला. नावं येत गेली, पहिलं अक्षर गेलेली. तीनशेच्या वर. त्यात एक उघडली आणि वरून खाली हळूहळू एक डोकं आलं. तेलानं चापलेले केस, भांग, कपाळ, कपाळावर डावीकडं बारका व्रण, भुवया, डोळे. डोळ्यांच्या खाली अर्धं बोट आणि तिथं थांबलं. पुढं करडं. सपाट करडं, शाळेच्या भिंतीला असतो तसा रंग. नाक नाही, तोंड नाही, हनवटी नाही. डोळे माझ्याकडं बघत होते, फ्लॅश पडायच्या आधी बघतात तसे. मी पुन्हा पुन्हा उघडली. दर वेळी तिथंच थांबायचं.

मी त्याच दिवशी दादाभाऊंना सांगायला पाहिजे होतं. किंवा ठकूबाईला. अर्धा फोटो दिला असता तरी चाललं असतं, कपाळावरचा व्रण तरी खरा होता. पण मी जागावाला सोपान होतो. मशिनमधलं मला येत नाही असं काही नव्हतं लोकांच्या लेखी. गुरुवारी ती आली तेव्हा मी म्हटलं, ‘मावशी, तक्रारीला तुमचा पण एक फोटो लागतो, बसा.’ ती बसली. खुर्चीच्या कडेवर. मुलासारखीच. मी तिचा फोटो काढला, म्हटलं शनिवारी या, दोन्ही देतो. आणि दोन दिवस दुपारच्या वेळी दादाभाऊ जेवायला गेले की दार लोटून मी भागूचा चेहरा पुरा केला. आम्ही हे करायचोच. मयताला कोट घालायचो, टोपी घालायचो, धोतराच्या माणसाला टाय लावायचो, घरची माणसं खूश व्हायची. हनवटी आणि जबडा ठकूबाईचा घेतला, जरा रुंद केला. तोंड पण तिचंच, वर मिशीची कोवळी रेघ ओढली. नाक तिचं बसेना, तिची चमकी मधे यायची. म्हणून ‘मयत’ उघडलं. दोनशे बारातनं एक तरुण पोरगा काढला, आदल्या साली विहिरीत गेलेला. त्याचं नाक बसलं. असं बसलं की सांधा मला पण दिसेना. रंग सारखा केला. मागं निळा पडदा टाकला. आणि खोटं कशाला बोलू, झाल्यावर मला बरं वाटलं. गोल गुलाबी झाला की वाटतं तसं.

शनिवारी ठकूबाईनं फोटो हातात घेतला. दोन्ही हातांनी. लांब धरला, जवळ धरला. तिचा अंगठा फोटोतल्या तोंडावरनं फिरला, परत फिरला. मला वाटलं आता म्हणणार. घाम आला मला, कानामागनं खाली उतरला. ती म्हणाली, ‘येगळाच दिसतोय न्हाई?’ मी म्हटलं, ‘मशिन चुकत नाही मावशी. आपल्याला माणूस रोज बघून बघून वेगळा आठवतो. मशिनमधला असतो तसाच राहतो.’ तिनं मान हलवली. ‘त्वांड मिटल्यालं हाय म्हून आसंल,’ म्हणाली. ‘मिटल्यालं मी कदी बगितलंच नाय त्येचं.’ मी दहा कॉपी दिल्या. पैसे घेतले नाहीत. ती पाया पडायला वाकली, मी मागं सरकलो, खुर्ची पडली.

ते फोटो ठाण्यात गेले, तिथनं पुढं गेले, हायवेनं, हद्दीपर्यंत. मी माझं काम करत राहिलो. पावसाळा गेला. शुक्रवारी उडवायला बसलो की शिफ्टवर बोट ठेवायचो आणि प्रत्येक तोंड बघायचो. वेळ लागायचा. दादाभाऊ म्हणायचे, ‘काय पोरी बघतो का काय?’ ठकूबाई दोन-तीन बाजारांना आली, काही विचारायला नाही, नुसती बाकावर बसायची, मशिनकडं बघायची, हिरडे ठेवायची, जायची. मी ते सगळे चघळले. एक पण टाकला नाही.

ऑक्टोबरात तो ड्रायव्हर परत त्या रस्त्यानं गेला आणि ढाबेवाल्यानं त्याच्याकडं एक पिशवी दिली. तुमचं पोरगं ठेवून गेलं होतं, म्हणाला, अंघोळ करून येतो म्हणून पलीकडं नळावर गेलं. पिशवीत लुंगी, एक टॉवेल, आमच्या दुकानाचं पाकीट. पाकिटात सात फोटो. पोलिसांनी ते फोटो घेऊन त्या बाजूला चौकशी केली आणि एका दिवसात पत्ता लागला. एक हवालदार दुकानात आले, वयस्कर, धापा टाकत. त्यांनी काउंटरवर दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक पाकिटातला, एक माझा. ‘ह्यो बी तुमचा आन् त्यो बी तुमचा. ह्यातला खरा कंचा?’ दादाभाऊंनी माझ्याकडं बघितलं. मी पाकिटातल्यावर बोट ठेवलं. हवालदार बाकावर बसले, पाणी मागितलं. मग सांगितलं. रस्ता ओलांडताना गाडीनं उडवलं. दवाखान्यात कोणी टाकून गेलं. डोक्याला मार, बोलता येईना, कागद नाही, नाव नाही. त्रेपन्न दिवस होता तो तिथं. जिवंत. जूनच्या शेवटी तिकडचा शिपाई फोटो घेऊन वॉर्डात गेला होता, खाटेशी उभं राहून ताडून बघितलं. ‘डोकं सगळं पट्टीत गुंडाळलेलं, डोळ्यांसकट,’ हवालदार म्हणाले, ‘दिसत व्हतं ते नाकापासून खाली. ते जुळलं नाय. आपला न्हवं, म्हून लिवून आला. त्याच्यावर अकरा दिसांनी गेला.’

खरं होतं ते पट्टीखाली आणि उघडं होतं ते माझं. ते पाणी प्यायले आणि म्हणाले, ‘च्या सांगा कोणीतरी.’ कोणी सांगितला नाही. ते गेल्यावर दादाभाऊंनी सुपारी थुंकली. पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. ‘सोपान, कुणाला काय बोलायचं नाय. प्रिंट खराब आली म्हणायचं. दहा वर्सांचं दुकान हाय माझं.’ मी पाकिटातला फोटो उचलला. आठ बाय दहाचा करायचा म्हणून स्कॅनरवर ठेवला. ओठ मिटलेले, पण मिटता मिटता राहिलेले, आतून दात ढकलतायत. स्कॅन झाला आणि सेव्ह करायला गेलो तर मशिन म्हणालं, जागा नाही. मला काहीतरी उडवावं लागणार होतं. मी माझा बनवलेला उडवला, मग परत विचार करून मासिकातल्या प्रोग्रामनं तो माघारी आणला. तो आख्खा आला. एक ठिपका इकडचा तिकडं झाला नव्हता. शेवटी लग्नातली जिलबी उडवली आणि भागूला ‘मयत’मध्ये ठेवला. आहुपे नावाचं फोल्डर आधी नव्हतं. ते केलं.

फ्रेम घेऊन मी स्वतः गेलो. घोडेगावहून सकाळची गाडी. धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं गाडी चालली. फ्रेम मांडीवर, कागदात गुंडाळलेली, काच खाली. आहुप्यात उतरलो तेव्हा धुकं होतं, देवराईच्या कडेला वाळक्या फांद्या पडलेल्या तशाच पडून होत्या, तिथली काटकी कोणी उचलत नाही. ठकूबाईचं घर शेवटी. ती नाचणीची कणसं तोडत होती. निरोप तिला आधी मिळालेला, रडून झालेलं होतं. मला बघून म्हणाली, ‘आलास व्हय. बस. पाय वर घे, खाली गार हाय.’ आत भिंतीला मी बनवलेला फोटो होता. खिळ्याला दोऱ्यानं बांधलेला. तोंडाच्या जागी कागद पांढरा पडलेला, अंगठ्यानं घासून घासून. मी फ्रेम उघडून तिच्यासमोर धरली. ती बघत राहिली. खूप वेळ. मग तिच्या तोंडातून बारीक आवाज आला, लहान पोराला हाक मारतात तसा, नाव नाही, नुसता आवाज.

मी म्हटलं, ‘मावशी, भिंतीवरचा तो मी बनवलेला आहे. खरा माझ्याकडनं उडाला होता. तुम्ही पहिल्या दिवशी आलात तेव्हा मशिन थांबवलं असतं तर वाचला असता. मी थांबवलं नाही.’ सगळं सांगितलं. वॉर्डातलं पण. पट्टीचं पण. मला वाटलं मारेल, ओरडेल, गाव गोळा करेल. मला तेच पाहिजे होतं. ती कणसं तोडत राहिली. म्हणाली, ‘हनवटी माजी हाय ती. त्वांड बी माजं. पाण्यात बगते मी माजं त्वांड, वळखत नाय व्हय?’

‘मग बोलला का नाही तुम्ही? तिथंच?’

‘तू म्हणलास मशिन चुकत नाय.’ तिचा हात थांबला. ‘मला वाटलं मीच इसारले. येवढे दिस झाले पोराला बगून, माजं त्वांड त्येला लावाया लागले मी. आय आसून इसारले, हे कुनाला सांगू? म्हून मंग रोज बगायचे ह्याला. पाठ केला. खराच वाटाया लागला मला बी. आन् आता ह्यो आणलास तू.’ तिनं फ्रेमकडं बोट केलं, हात लावला नाही. ‘आता ह्येला बगून मला आदी वाटलं, ह्यो कोन.’

चूल धुमसत होती. माझे डोळे चुरचुरत होते. मी म्हटलं, भिंतीवरचा काढून नेतो. उठलो, दोरा सोडायला लागलो. तिनं मागनं विचारलं, ‘नाक कुनाचं हाय रं?’

मी म्हटलं, ‘एका मयताचं. विहिरीत गेलेला पोरगा. ओतूरकडचा.’

‘त्येच्या आयला म्हाईत हाय का?’

मी म्हटलं, नाही.

‘मंग आसू दे तितंच. काढू नगं,’ ती म्हणाली. ‘आन् जाता जाता तिला सांगून जा, तुजा पोरगा आहुप्यात हाय म्हून. मी बगते त्येला रोज.’

त्या आईकडं मी गेलो नाही. ओतूरला उतरलो होतो, स्टँडवर अर्धा तास उभा राहिलो, आणि नारायणगावची गाडी आली त्यात बसलो. वर्षभरानं पुण्याला आलो. इथं मी जागा करून देतो. दिवसाला चार येतात. मालकाला वाटतं त्या मॅडम परत येतील, दुसरं दुकान जवळ नाही. आल्या तर मी फोटो उडवून देईन. आधी बघेन. एक एक.